गिधाडे पाहायला इतक्या लांब?

(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या जानेवारीत आमच्या निसर्ग मंडळाची सहल नाशिकजवळच्या अंजनेरीला गेली. कड्यावर घरटी करून राहणारी गिधाडे पाहणे हा सहलीचा हेतू होता. तशी सूचना फलकावर लागली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्याखाली कोणा विनोदी मित्राने पेन्सिलीने लिहिले, 'येताना एक धरून आणा, कॅन्टीनच्या दारात बसवू.' हसण्यासारखे होते, मीही हसले. पण सहलीहून परत आल्यापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही. म्हणून या अंकासाठी ठरवलेली कविता बाजूला ठेवून हे लिहीत आहे. कविता तशीही बरी जमली नव्हती.

सहलीची वर्गणी साडेसहाशे रुपये होती. महाविद्यालयाची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे प्रवेश फी, परीक्षेचा फॉर्म, पुस्तके हे खर्च आता घरी कळू लागले आहेत. पण सहल हा खर्च समजावून सांगावा लागतो. "अभ्यासाला आहे का?" दादांनी विचारले. नाही म्हणाले. "मार्क मिळतात का?" तेही नाही. दादा वाईट बोलले नाहीत. फक्त "बघू" म्हणाले, आणि आमच्या घरात "बघू" म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

ओसरीवर बसलेल्या आजीने मध्येच विचारले, "काय बघाया चाललीस गं?"

"गिधाडं."

आजी इतकी हसली की तिला ठसका लागला. "पैसं भरून गिधाडं बघाया! अगं, ल्हानपणी आम्ही दगडं मारून हाकलायचो त्यांला."

त्या रात्री दिवा घालवल्यावर आजीने मला जे सांगितले ते दादांनाही माहीत नव्हते. ती १९७२ च्या दुष्काळाची हकिगत होती. आजी तेव्हा सोळा वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली. दिवसभर खडी फोडायच्या कामावर जायचे आणि संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचे हा प्रश्न. वैरण नाही, पाणी नाही. गावात रोज कोणाचे तरी ढोर पडे. मेलेली ढोरे टाकण्याची जागा गावाबाहेर ओढ्याच्या पलीकडे होती. आमच्याकडे तिला हाडकी म्हणतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडा असे आपल्या माणसांना बजावले होते. १९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या वस्तीनेही ढोर ओढण्याचे काम टाकले. आजीच्या सासऱ्यांनी सगळ्यांसमोर तशी शपथ घेतली होती. आणि त्याच घरातल्या दोन बायका, सासू आणि सून, त्या वर्षी दोनदा पहाटेच्या अंधारात पाटी घेऊन हाडकीवर गेल्या.

"गिधाडं रातभर तिथंच बाभळीवर बसल्याली. उजाडाया लागलं तशी खाली उतरली. एका अंगाला ती, एका अंगाला आम्ही. आम्ही त्यांला हाकललं न्हाई. हाकलून कुठं जातील ती तरी?"

एवढे बोलून ती कूस बदलून झोपली. सकाळी तिने कनवटीचे दोनशे रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. बाकीचे दादांनी दिले. हे सारे अंकात छापू का, असे मी तिला नंतर विचारले. "माझं नाव घालू नको. बाकीचं लिही," असे ती म्हणाली, म्हणून लिहिले आहे.

आम्ही एकवीस विद्यार्थी, भूगोलाचे सर आणि एक मॅडम. रात्रीच्या एस.टी.ने नाशिक, तेथून पहाटेच्या त्र्यंबकच्या गाडीने अंजनेरी फाटा. पायथ्याच्या गावात शेकडो वर्षांपूर्वीची दगडी देवळे आहेत, काही पडकी, काही उभी. आमच्या इतिहास मंडळाने तिथे एक दिवस अवश्य द्यावा. डोंगर सुमारे ४,२०० फूट उंच. हे हनुमंताचे जन्मस्थान मानतात, त्यामुळे वाटेवर भाविकांची ये-जा असते. पायऱ्यांची वाट एका अरुंद घळीतून वर चढते. दोन्ही अंगांना काळ्या कातळाच्या भिंती, वर आकाशाची एक पट्टी, आणि दगडांतून ओलसर गार हवा अंगावर येते. आमच्या सपाट मुलखातल्या मुलीला ही घळ म्हणजे विहिरीच्या तळाशी उभे राहिल्यासारखी वाटली. मला आधी भीती वाटली, मग ती गेली.

सोबतच्या वनरक्षकांनी मुख्य वाट सोडू दिली नाही. थंडीचे दिवस म्हणजे घरट्यात अंडे किंवा पिलू असण्याचा काळ. लांब चोचीचे गिधाड वर्षाकाठी एकच अंडे घालते. माणूस फार जवळ गेला आणि घाबरून ते उठले तर वर्षाची सगळी मिळकत गेली. म्हणून समोरच्या कड्यापासून बरेच दूर, उताराला बसून पाहायचे. दुर्बिणी दोन, एक महाविद्यालयाची आणि एक सरांची स्वतःची. प्रत्येकाला दोन-दोन मिनिटे मिळत.

पहिला तासभर काहीच घडले नाही. कड्यावर ठिकठिकाणी चुना सांडल्यासारखे पांढरे ओघळ होते. सरांनी सांगितले की ते विष्ठेचे डाग असून जिथे ओघळ तिथे वर कपारीत घरटे असते. मुलांनी चिवडा काढला, दोघे-तिघे पेंगू लागले. मग नऊच्या पुढे ऊन कातळावर आले. दगड तापला की त्याला लागून असलेली हवा तापते आणि वर चढू लागते. गिधाडाचे अवजड शरीर त्या हवेच्या आधाराने उचलले जाते, म्हणून ते सकाळी घाई करीत नाही. हे सर सांगत होते तोच कपारीतला एक तपकिरी दगड हलला. त्याने पंख उघडले आणि कड्यावरून स्वतःला नुसते सोडून दिले. एकदाही पंख मारला नाही. सहा-सात फुटांचा तो विस्तार दरीत आमच्या पायांखालून तरंगत गेला. पक्षी नेहमी खालून पाहायचे, पोटाकडून. उडत्या पक्ष्याची पाठ मी जन्मात पहिल्यांदाच पाहिली. पिंगट, उन्हात चकाकणारी पाठ, आणि पंखांच्या टोकांची पिसे हाताच्या बोटांसारखी फाकलेली. मग दुसरे निघाले, तिसरे निघाले. मी अकरा मोजली. एकच पक्षी पुन्हा फिरून आला असेल, असे म्हणून सरांनी वहीत आठ लिहिली.

तेवढा वेळ कोणीही बोलले नाही. आमच्या वर्गात हे कधी घडत नाही.

जेवताना मात्र एक मैत्रीण म्हणाली, "दिसतात छान, पण शी, मेलेलं खातात." बाकीच्यांनी नाके मुरडली. मी हातातला घास खाली ठेवला, पण बोलले काहीच नाही. एका दृष्टीने हा लेख म्हणजे तेव्हा जे बोलायला हवे होते ते आहे.

ही गिधाडे पाहायला एवढ्या लांब का जावे लागते, हा माझ्या मते पहिला प्रश्न आहे. घळी, कडे, निबिड रान हीच त्यांची जागा, असे सहलीत नकळत वाटू लागते. ते खरे नाही. आजीच्या लहानपणी ती आमच्या हाडकीवर, म्हणजे घरापासून अर्ध्या मैलावर होती. गेल्या शतकाच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांत ती देशभर मरू लागली. आधी भरतपूरच्या अभयारण्यात अभ्यासकांच्या ध्यानात आले. कोणी म्हणाले विषाणू, कोणी म्हणाले अन्न कमी झाले. २००४ साली शोध लागला तो असा, की कारण डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध आहे. लंगडणाऱ्या बैलाला, सुजलेल्या गायीला टोचायचे साधे इंजेक्शन. ते टोचल्यावर जनावर लगेच मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मान टाकते. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीची सुमारे ९७ टक्क्यांनी. आणि एवढा संहार होण्यासाठी मेलेल्या शंभर जनावरांत एकाच्याही अंगात हे औषध असण्याची गरज नव्हती, त्याहूनही कमी पुरेसे होते. एका ढोरावर पन्नास-साठ गिधाडे उतरतात. एक ढोर म्हणजे सगळी पंगत.

म्हणजे हा खून कोणा शिकाऱ्याने केला नाही. आपल्या गोठ्यात, आपल्या जनावरावरच्या मायेपोटी तो झाला. सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. मग माणसांसाठी असलेल्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येऊ लागल्या, तेव्हा २०१५ साली त्याही बंद करून एका मात्रेपुरतीच बाटली ठेवली. अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेन ही भावंडे त्यानंतरही चालू होती. जनावरांसाठी त्यांवर २०२३ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना न बाधणारे औषध बाजारात आहे. आम्ही कला शाखेचे विद्यार्थी. ही नावे पाठ करताना जिभेला त्रास होतो. पण गोठा असलेल्या घरातली आमच्यापैकी निम्मी मुले आहेत. ही नावे आम्ही नाही वाचायची तर कोणी?

गिधाडे गेल्यावर काय झाले तेही ऐका. गावोगाव ढोरे कुजत पडली, भटकी कुत्री वाढली, पाणी नासले. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की गिधाडे नाहीशी झाल्यामुळे भारतात २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली. हा आकडा त्यांचा अंदाज आहे; तो थोडा खालीवर मानला तरी 'घाणेरडा पक्षी' म्हणून नाक मुरडायला जागा उरत नाही. घाण आपली होती. तो ती उचलत होता.

आणि इथेच मला आमच्या वस्तीची आठवण होते. घाण जो उचलतो तोच घाणेरडा, हा न्याय गिधाडांना लागू होण्याच्या कितीतरी आधी माणसांना लागू झालेला आहे. आमची भाषाच पाहा. निवडणुकीत 'गिधाडांसारखे तुटून पडले', लाच खाणारा तो 'गिधाड'. मी स्वतः अकरावीत वक्तृत्व स्पर्धेत 'भ्रष्टाचाराच्या या गिधाडांना' असे हात उंचावून म्हटले आणि दुसरा क्रमांक मिळवला. ढाल अजून घरी आहे. मेलेल्याखेरीज कोणाला न शिवणारा हा पक्षी लाचखाऊ कसा झाला, हे परीक्षकांनी विचारले नाही आणि मलाही सुचले नाही. याच नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात टाकेद आहे. सीतेसाठी रावणाशी लढून जटायू जिथे पडला ते हे ठिकाण, अशी श्रद्धा आहे, आणि लोक तिथे हात जोडतात. पोथीतले गिधाड वंद्य आणि हाडकीवरचे शिवी देण्याजोगे, हे आपल्याला सहज जमते. माणसांच्या बाबतीतही जमते.

आता थोडे अवघड बोलायचे आहे. हरसूलकडच्या खोरीपाडा या आदिवासी गावात वनखाते आणि गावकरी यांनी मिळून गिधाडांसाठी 'उपाहारगृह' चालवले आहे. विषारी औषध न टोचलेली मेलेली जनावरे कुंपणाच्या आत ठेवायची आणि गिधाडांनी निर्धास्त खायचे, अशी ही योजना. वेळेअभावी आम्ही तिथे जाऊ शकलो नाही. उतरताना सर सांगत होते. 'उपाहारगृह' शब्दाला सगळे हसले. मी विचारले, "सर, अशा ठिकाणी ढोर ओढून कोण नेतं?"

सर जरा थांबले. "ते मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले. ते खरे बोलले म्हणून मला त्यांच्याविषयी अधिकच आदर वाटला.

खोरीपाड्यात ते काम कोण करतो हे मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्या गावाबद्दल माझे काही म्हणणे नाही. त्यांनी केले ते चांगलेच केले. पण अशी उपाहारगृहे गावोगाव व्हावीत, असे लेख मी आता वाचते, तेव्हा त्यांत कुंपणाची लांबी असते, जागेचे क्षेत्रफळ असते. ओढणारा माणूस नसतो. ढोर आपल्या पायांनी कुंपणात गेल्यासारखे लिहिलेले असते. आमच्या गावात उद्या ही योजना आली तर निरोप कोणत्या वस्तीत येईल, हे मला न सांगता कळते. २०१६ च्या जुलैत गुजरातेतील उना येथे मेलेल्या गायीचे कातडे काढणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात बांधून मारले. त्यानंतर तिथल्या लोकांनी मेलेली जनावरे नेऊन सुरेंद्रनगरच्या सरकारी कचेरीसमोर टाकली आणि सांगितले, आता तुमचे तुम्ही उचला. ती बातमी मी शाळेत असताना आली होती. दादांनी ती मोबाईलवर दोनदा वाचली आणि जेवायला उठले नाहीत.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात की तुमच्या लोकांनी काम सोडले, म्हणून गिधाडे गेली. हे धादांत खोटे आहे. आम्ही काम सोडले १९५६ नंतर. गिधाडे नव्वदीनंतर गेली, आणि औषधाने गेली. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत ती आमच्या सुऱ्यांवाचून मजेत जगली. पक्षी वाचलाच पाहिजे, आणि तो वाचवण्याचे ओझे पुन्हा आमच्या पाठीवर येता कामा नये. मला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या आहेत. ट्रॅक्टरला जोडायची गाडी असू द्या, ढोर वर खेचायला यंत्र असू द्या, हातमोजे असू द्या, आणि पंचायतीने ठरवलेला महिन्याचा पगार असू द्या. जागेची जाहिरात सगळ्या गावासाठी निघू द्या. मग कोण कोण अर्ज करतो ते आपण पाहू.

सहलीला जाऊच नये, असे मात्र माझे मत नाही. मी गेले नसते तर ती पाठ दिसली नसती. अंजनेरीवर मोटाररस्ता न्यावा असा प्रस्ताव मध्यंतरी आला होता, नंतर ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचाही विषय निघाला. दोन्ही वेळी निसर्गप्रेमींनी विरोध केला. त्यांचे मला पटते. चालत जाणाऱ्याला धाप लागते, तो गप्प बसतो, कड्याला निवांतपणा मिळतो. पण कडा राखला की गिधाड राखले, अशी समजूत करून घेऊन आपण घरी येत असलो तर ती सहल फुकट गेली. रात्र कड्यावर काढणारे गिधाड दिवसा अन्न शोधत मैलोन्‌मैल फिरते. ते कोणत्या गावच्या ढोरावर उतरेल हे वनरक्षकाच्या हातात नाही.

निसर्ग मंडळाकडे मी एक सूचना लेखी दिली आहे. पुढच्या वर्षी वर्गणी काढून लांब जाण्याआधी एक रविवार आपल्याच तालुक्यात घालवावा. चौघा-चौघांचे गट करावेत, जनावरांच्या औषधांच्या दुकानांत जावे आणि सुजेवर कोणते इंजेक्शन देता एवढेच विचारावे. गोठा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने घरातली बाटली वाचून वहीत नाव लिहून आणावे. सरांनी होकार दिला आहे. सचिवांचे म्हणणे पडले की याला सहल म्हणता येणार नाही आणि फोटोही चांगले येणार नाहीत. पाहू.

माझ्यापुरती सुरुवात मी सहलीहून आल्या दिवशीच करायला गेले. आमची एक म्हैस आहे, वाट्याने आणलेली. डिसेंबरात तिचा मागचा पाय सुजला होता आणि शेजारच्या गावचे एकजण येऊन तीन दिवस इंजेक्शन देऊन गेले होते. ते डॉक्टर आहेत की नाहीत हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. पाय उतरला, विषय संपला. मी दादांना बाटलीचे नाव विचारले. त्यांनी गोठ्याच्या वळचणीला हात घालून पाहिले; बाटली नव्हती. आजी म्हणाली, ती केव्हाच उकिरड्यावर टाकली. मी काठी घेऊन उकिरडा उकरला आणि शेवटी ती सापडली. वरचा कागद भिजून गळाला होता. किंमत वाचता येत होती, तारीख अर्धी वाचता येत होती. नाव वाचता आले नाही.